दोन नळ की दोन टाक्या?

मुलांनो, राहूच्या विहिरीत बुडी मारलीत, की दम संपताच तुम्ही वर येता. मालवणजवळ तारकर्लीच्या समुद्रात पाणबुडे पाठीवर हवेची टाकी घेऊन उतरतात. खोल पाण्यात तीच संपली तर?

“गुरुजी, तिला दोन नळ्या असतात की!” वर्गातला एकजण म्हणाला. अरे, टाकी रिकामी झाली की दोन्ही नळ कोरडे! म्हणून राखीव हवा वेगळ्या छोट्या टाकीत, वेगळ्या नळीसकट हवी.

ती केवढी? २० मीटर खोलीवर दर श्वासाला तिप्पट हवा लागते. घाबरलं की श्वासही भराभर होतो. आणि वर सावकाशच यायचं, मिनिटाला साधारण ९ मीटर, श्वास न रोखता. नाहीतर फुप्फुसं फाटू शकतात. ३ लिटरच्या टाकीत २०० पट दाबाने ६०० लिटर हवा मावते. तेवढी या वाटेला पुरते.

उतरण्याआधी तिचा काटा मात्र बघायचा हं! रिकामी राखीव टाकी म्हणजे नुसतं ओझं.