रातांबा निवडावा तराजूवर, नुसत्या नजरेवर नको

कोकणात परसात, बांधावर, नारळी-पोफळीच्या आडोशाला रातांब्याचे झाड नाही असे घर विरळाच. यातली बहुतेक झाडे बी पडून आपसूक उगवलेली. त्यामुळे एकाच वाडीतल्या दोन झाडांची फळे सारखी निघत नाहीत. एकाचे फळ लिंबाएवढे, दुसऱ्याचे सुपारीपेक्षा थोडे मोठे. एकाची साल जाड, दुसऱ्याची पातळ. हा फरक म्हणजेच नव्या जातीचे भांडवल.

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने अशाच झाडांच्या निवडीतून १९९७ साली 'कोकण अमृता' आणि २००६ साली 'कोकण हातीस' या जातींची शिफारस केली. अमृताचे फळ सुमारे ३५ ग्रॅमचे, पण ते पावसाआधी हाती लागते. हातीसचे फळ सुमारे ९० ग्रॅमचे, जाड सालीचे. म्हणजे नुसत्या आकारावर जात ठरत नाही. मग कशावर ठरते?

साल किती निघते?

आमसूल, आगळ, सरबत हे सगळे सालीवर चालते. म्हणून झाडाच्या चारही बाजूंची मिळून २० पिकलेली फळे घ्यावीत. खाली पडलेली, किडकी घेऊ नयेत. वजन करावे, फळे फोडावीत, बिया व गर काढून साल वेगळी तोलावी. समजा एका झाडाचे फळ ४० ग्रॅमचे आणि साल २० ग्रॅम. दुसऱ्याचे फळ ६० ग्रॅमचे, पण साल २४ ग्रॅमच. पहिल्याची साल ५० टक्के, दुसऱ्याची ४०. शंभर किलो फळांमागे दहा किलो सालीचा फरक पडला! दिसायला मात्र दुसरेच झाड भारी. अर्थात मोठे फळ फोडायला मजुरी कमी लागते, तेही हिशेबात धरावे. बियांचेही वजन लिहावे, कारण कोकमतेल बियांतूनच निघते.

आंबटपणा, गोडी आणि रंग

आमसुलाला आंबटपणा आणि जाड साल हवी, सरबताला गडद लाल रंग हवा. रसातले विद्राव्य घटक रिफ्रॅक्टोमीटरवर मोजतात. एक थेंब पुरतो. आम्लता प्रयोगशाळेत तपासावी लागते. रस मुळात लाल असल्याने तपासणीतला रंगबदल ओळखू येत नाही, म्हणून तो भरपूर पाणी घालून पातळ करतात. घरी एवढे तरी करता येते : एक किलो ओली साल नीट वाळवून किती भरते ते लिहून ठेवायचे.

पावसाआधी की पावसात?

हा कोकणातला खरा प्रश्न. फळ कितीही चांगले असले तरी ते मृगात पिकले तर गळते, कुजते, आणि साल वाळत नाही. म्हणून पहिली तोडणी आणि शेवटची तोडणी या दोन्ही तारखा लिहाव्यात. झाडाचे एकूण फळ किती किलो, दरसाल धरते की आड वर्षाने, हेही पाहावे. एका हंगामावरून निकाल देऊ नये. निदान तीन वर्षांच्या नोंदी हव्यात.

बी लावून झाड परत मिळत नाही

कोकमात नर आणि मादी झाडे वेगळी असतात. उत्तम झाडाचे बी लावले तरी त्यातली जवळजवळ निम्मी रोपे नर निघतात, आणि ते कळायला सात-आठ वर्षे जातात. मादी निघाली तरी आईचे गुण उतरतीलच असे नाही. म्हणून त्याच झाडाच्या काडीपासून मृदुकाष्ठ कलम करावे. काडी सरळ वर वाढणाऱ्या फांदीची घ्यावी. आडव्या फांदीच्या काडीचे कलम झुडपासारखे पसरत राहते.

ग्रामसेवक, सरपंच, कृषी सहाय्यकांना

घर बांधताना, रस्ता रुंद करताना पहिली कुऱ्हाड परसातल्या झाडावर पडते. ते झाड गावातले सर्वांत चांगले होते हे माहीतच नसेल, तर त्याची काडीसुद्धा मागे राहत नाही, आणि तो गुण कायमचा जातो. जैवविविधता कायदा, २००२ नुसार गावाची जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असते. ती नुसती कपाटात ठेवायची चीज नाही. चांगल्या झाडाचा मालक, गट नंबर, पिकण्याचा काळ, फळाचे वजन, सालीचे टक्के, एवढे त्यात आले पाहिजे. तीन वर्षे खरे उतरलेले झाड कृषी विद्यापीठाच्या नजरेस आणावे.

येत्या हंगामात एवढेच करा. आपल्या वाडीतली पाच झाडे निवडा, प्रत्येकाला नंबर द्या, तराजू आणि वही घेऊन बसा. "आमच्या आजोबांच्या वेळचं झाड, फार चांगलं" हे बोलणे खरेही असेल. पण वहीत आकडा असला तरच त्या झाडाची जात होईल.