बग कळवताना सोबत काय काय जातं?

फाट्याच्या गावातला कॉम्प्युटर क्वचितच एका माणसाचा असतो. जालना जिल्ह्यातलं वाटूर घ्या किंवा मराठवाड्यातलं असंच दुसरं गाव घ्या. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म आणि फ्लेक्सचं डिझाइन अशी सगळी कामं एकाच गाळ्यात, एकाच मशीनवर चालतात. सकाळी पीकविम्याचा अर्ज, दुपारी वाढदिवसाचा बॅनर, संध्याकाळी लग्नपत्रिका. डेस्कटॉपवर कुणाचं आधार कार्ड, कुणाचा सातबारा, कुणाच्या पासबुकाचं पहिलं पान पडलेलं असतं. मशीन बहुतेकदा सेकंडहँड, आणि त्यातलं ग्राफिक्स कार्ड दहा-बारा वर्षांपूर्वीचं.

समजा, अशा मशीनवर कुणी उबुंटू ही लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिम टाकली. डिझाइनसाठी गिम्प आणि इंकस्केप, थ्रीडी अक्षरांसाठी ब्लेंडर घेतलं. सगळंच ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला, आणि सगळंच फुकट. एक दिवस अपडेट झालं आणि ब्लेंडर उघडलं की स्क्रीन काळी पडायला लागली. इथे कस्टमर केअरचा नंबर नसतो. बग, म्हणजे सॉफ्टवेअरमधला बिघाड, नोंदवायचा आणि तो कुणीतरी दुरुस्त करेपर्यंत वाट पाहायची, एवढंच हातात असतं. बग नोंदवायलाच हवा. पण त्या नोंदीबरोबर मशीनमधून काय बाहेर पडतं, हे नोंदवणाऱ्याला ठाऊक हवं, कारण त्यातलं बरंचसं त्याचं नसतंच.

जुनं कार्ड मागे का पडतं?

ग्राफिक्स कार्ड आणि ऑपरेटिंग सिस्टिम यांच्यामध्ये ड्रायव्हर नावाचा दुभाषा असतो. तो कोण लिहितं, यावर कार्डाचं आयुष्य ठरतं. एएमडीने सप्टेंबर २००७ मध्ये आपल्या कार्डांची तांत्रिक माहिती खुली करायला सुरुवात केली, म्हणून त्या कंपनीच्या जुन्या कार्डांचे खुले ड्रायव्हर आजही जिवंत आहेत. एनव्हिडियाने लिनक्ससाठीच्या ड्रायव्हरचा कर्नेलमधला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातला, भाग खुला केला तो मे २०२२ मध्ये, आणि तोही २०१८ पासूनच्या पिढ्यांसाठी. त्याआधीच्या कार्डांना कंपनीचा बंद ड्रायव्हर वापरावा लागतो किंवा स्वयंसेवकांनी उभा केलेला ‘नूव्हो’. आपल्याकडे ढिगाने विकल्या गेलेल्या जीटी ७१० सारख्या केप्लर पिढीच्या कार्डांसाठी कंपनीने सुरक्षेच्या दुरुस्त्या देणंही २०२४ मध्ये थांबवलं.

दुसऱ्या बाजूने सॉफ्टवेअरची भूक वाढत जाते. नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या ब्लेंडर ४.० ने विंडोज आणि लिनक्सवर ओपनजीएल या ग्राफिक्सच्या मानकाची ४.३ आवृत्ती ही किमान अट घातली. इंटेलच्या तिसऱ्या पिढीच्या प्रोसेसरमधलं अंगभूत ग्राफिक्स या अटीत बसत नाही, आणि सेकंडहँड बाजारात अशी मशीनं मिळतात.

मग जी कार्डं कागदोपत्री चालायला हवीत, पण प्रत्यक्षात अडखळतात, त्यांचं काय? ड्रायव्हर लिहिणाऱ्याच्या टेबलावर दहा वर्षं जुनं कार्ड सहसा नसतं. ते ज्याच्याकडे आहे त्याने कळवलं नाही, तर बिघाड आहे हे कुणाला समजणारच नाही. वाटूरहून गेलेली एक नीट नोंद जगभरच्या तशाच हजारो मशीनना उपयोगी पडू शकते.

लॉगमधल्या ओळी

अडचण अशी, की ग्राफिक्सच्या बगसाठी पुरावा फार लागतो. मराठी फॉन्टमध्ये ‘सुऱ्या’तला अर्धा र चुकीचा दिसत असेल, तर तो एक शब्द आणि फॉन्टचं नाव दिलं की भागतं. स्क्रीन काळी पडण्याचं कारण मात्र कार्ड, ड्रायव्हर, कर्नेल, मॉनिटर यांपैकी कशातही असू शकतं. म्हणून मशीनची अख्खी कुंडली, म्हणजे मशीन आपल्या कामाची जी नोंद ठेवतं तो लॉग, मागितली जाते.

ती उघडून पाहू. पहिल्या काही ओळींत कॉम्प्युटरचं नाव येतं. पुष्कळांनी तिथे स्वतःचं किंवा दुकानाचं नाव दिलेलं असतं. फाइलचा मार्ग दिसतो तिथे युजरनेम असतं, आणि प्रोग्राम बंद पडताना जी फाइल उघडी होती तिचं नावही त्याच ओळीत सापडू शकतं. ते नाव गिऱ्हाइकाचं असेल, तर गिऱ्हाइकही लॉगमध्ये आलंच. पुढे मॉनिटरचा अनुक्रमांक. त्याच्याही पुढे, त्या दिवशी मशीनला लावलेल्या पेनड्राइव्हचा अनुक्रमांक. वायफाय असेल तर ज्या राउटरला मशीन जोडलं त्याचा मॅक पत्ता. फोन आपलं ठिकाण ओळखताना असेच पत्ते वापरतो आणि त्यांचे जगभरचे साठे मोठ्या कंपन्यांकडे आहेत. त्यामुळे राउटरच्या त्या बारा आकड्या-अक्षरांवरून गावच काय, गल्लीसुद्धा शोधता येते.

एनव्हिडियाच्या लिनक्स ड्रायव्हरसोबत हा सगळा पुरावा गोळा करणारी एक स्क्रिप्ट येते. ती चालवली की पडद्यावर सूचना दिसते: या फाइलमध्ये अनवधानाने वैयक्तिक माहिती आलेली असू शकते आणि फाइल पाठवणाऱ्याला हे मान्य आहे, असं धरलं जाईल. सूचना प्रामाणिक आहे, पण ती इंग्रजीत असते, आणि घाईत एंटर दाबणारा ती वाचत नाही.

सर्वांत जड पुरावा म्हणजे कोअर डंप, म्हणजे प्रोग्राम कोसळला त्या क्षणी त्याच्या मेमरीत जे काही होतं त्याची जशीच्या तशी प्रत. त्यात पासवर्डही असू शकतो, उघडलेला फोटोही. म्हणूनच उबुंटूकडे आपोआप गेलेली क्रॅशची नोंद सुरुवातीला खाजगी ठेवली जाते आणि तपासणी झाली की डंप काढून टाकला जातो.

चित्रातून निसटणारं

लॉग निदान वाचता तरी येतो. स्क्रीनशॉट निरुपद्रवी वाटतो, आणि घात तिथेच होतो. मागे उघडी असलेली विंडो, खालच्या पट्टीतली फाइलची नावं, कोपऱ्यातलं नोटिफिकेशन, सगळं त्यात येतं. कापून पाठवलं तरी ते गेलंच असं नाही. मार्च २०२३ मध्ये उघड झालेल्या ‘एक्रोपलिप्स’ दोषात गूगल पिक्सेल फोनवर कापलेल्या स्क्रीनशॉटचा टाकून दिलेला भाग त्याच फाइलमध्ये शिल्लक राहत होता आणि परत मिळवता येत होता. विंडोजच्या स्निपिंग टूलमध्येही तसाच दोष निघाला.

ग्राफिक्स कार्डाची आणखी एक खोड आहे. एका प्रोग्रामने सोडलेली कार्डाची मेमरी पुसली न जाताच दुसऱ्याच्या हाती पडू शकते. २०१६ मध्ये टोरांटोच्या एका विद्यार्थ्याने डायब्लो हा गेम सुरू केला, तेव्हा काही तासांपूर्वी खाजगी विंडोत पाहून बंद केलेलं पान त्याच्यासमोर आलं. जानेवारी २०२४ मध्ये ट्रेल ऑफ बिट्स या संस्थेने ‘लेफ्टओव्हर लोकल्स’ नावाचा दोष जाहीर केला. ॲपल, एएमडी, क्वालकॉम आणि इमॅजिनेशन यांच्या काही चिपांमध्ये एका प्रोग्रामचे उरलेसुरले तुकडे दुसऱ्याला वाचता येत होते. याचा अर्थ, ‘स्क्रीनवर कचरा दिसतोय’ असं सांगताना ज्या कचऱ्याचा फोटो आपण जोडतो, त्यात मघाशी स्कॅन केलेल्या आधार कार्डाचा तुकडाही असू शकतो.

पाठवलेल्या फाइलचं पुढे काय?

२०२३ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ऑक्टा या अमेरिकी कंपनीच्या ग्राहक-मदत विभागात चोर शिरले. लॉगिनची सुरक्षा पुरवणं हाच ऑक्टाचा धंदा. ग्राहकांनी अडचण समजावी म्हणून ब्राउझरची नोंद असलेल्या फाइल जोडल्या होत्या आणि त्यांत चालू लॉगिनच्या किल्ल्या तशाच राहिल्या होत्या. १३४ ग्राहकांच्या फाइल चोरांच्या हाती लागल्या. त्यांतल्या पाच जणांच्या लॉगिनचा ताबाही घेतला गेला.

ओपन सोर्सच्या जगातही असं घडलं आहे. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने ऑगस्ट २०१४ मध्ये कबूल केलं, की बग नोंदवण्याच्या ‘बगझिला’ या त्यांच्याच प्रणालीच्या चाचणी-सर्व्हरवरच्या सुमारे ९७ हजार वापरकर्त्यांचे ईमेल पत्ते आणि कूटबद्ध पासवर्ड जवळपास तीन महिने उघड्यावर होते.

शिवाय ओपन सोर्समधल्या बहुतेक नोंदी जन्मतःच सार्वजनिक असतात. हीच त्यांची ताकद आहे, कारण कुणीही वाचून मदत करू शकतं. पण नोंद टाकताच ती ईमेलने अनेकांकडे पोचते आणि सर्च इंजिन तिची प्रत घेतं. नंतर मजकूर बदलला, तरी पुष्कळ ठिकाणी जुनी आवृत्ती इतिहासात दिसत राहते.

मग कायद्याचा आधार किती? सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला. त्यानंतर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला. पण त्याच्या तिसऱ्या कलमानुसार, ज्याची माहिती त्यानेच ती सार्वजनिक केली असेल, तर तिला हा कायदा लागू होत नाही. म्हणजे स्वतःचा लॉग स्वतः उघड्यावर टाकणाऱ्याला या कायद्याचा आधार उरत नाही. गिऱ्हाइकाने मात्र आपली माहिती सार्वजनिक केलेली नसते, त्यामुळे तिच्याबाबत या अपवादाकडे बोट दाखवता येत नाही. आधार कायद्याचं कलम २९ तर कुणाचाही आधार क्रमांक जाहीरपणे प्रसिद्ध करायला मनाई करतं.

मग करायचं काय?

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे मशीनवर ‘टेस्ट’ नावाचं नवं युजर खातं उघडायचं, पेनड्राइव्ह काढायचे, एक रिकामी नमुना फाइल घ्यायची आणि बिघाड तिथे पुन्हा घडवून पाहायचा. घडला, तर लॉगमध्ये गिऱ्हाइकाचं नाव येण्याचा प्रश्नच मिटतो, आणि दुरुस्त करणाऱ्यालाही स्वच्छ पुरावा मिळतो. मग लॉग साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून मशीनचं नाव, मॅक पत्ते आणि अनुक्रमांक शोधून बदलायचे. कार्डाचं मॉडेल, ड्रायव्हर आणि कर्नेलची आवृत्ती, एररच्या संदेशाच्या ओळी यांना हात लावायचा नाही, कारण तपास त्यांच्यावरच चालतो. कोअर डंप कुणी मागितल्याशिवाय द्यायचा नाही, आणि मागितला तरी सार्वजनिक नोंदीला जोडायचा नाही. स्क्रीनशॉट घेण्याआधी बाकी सगळं बंद करायचं आणि फोटोतला कचरा नीट निरखायचा.

सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांचीही यात जबाबदारी आहे. ब्लेंडरच्या हेल्प मेनूतला बग नोंदवण्याचा पर्याय निवडला, की ऑपरेटिंग सिस्टिम, कार्ड, ड्रायव्हर आणि ब्लेंडरची आवृत्ती एवढंच फॉर्ममध्ये भरलेलं येतं. पहिल्या नोंदीला इतकं पुरतं, हा धडा बाकीच्यांनी घ्यावा.

महाराष्ट्रात हे शिकवायची यंत्रणा तयार आहे. आयआयटी मुंबईचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्प ओपन सोर्सचे धडे मराठी आवाजात देतो. एमएस-सीआयटीचे वर्ग तालुक्या-तालुक्यांत आहेत, आयटीआयमध्ये कॉम्प्युटर ऑपरेटरचा ‘कोपा’ ट्रेड आहे. तिथे एका तासाचं एक प्रात्यक्षिक ठेवावं: विद्यार्थ्यांना खऱ्यासारखा बनवलेला लॉग द्यायचा, त्यातली कोणती ओळ बिघाड सांगते आणि कोणती माणसाचा पत्ता सांगते ते लाल-हिरव्या पेनाने वेगळं करायला लावायचं, आणि साफ केलेल्या लॉगवरून बगची नोंद त्यांच्याकडूनच लिहून घ्यायची.