एका चिरुटाचा अनुभव

आम्ही धूम्रपानाचे व्यसनी नव्हे. महिन्या-पंधरवड्यातून एखादी विडी, तीही आगरातील शिंपणे आटोपल्यावर, एवढाच आमचा या विषयातील अधिकार. गेल्या मार्गशीर्षात, खळ्यात सुपारी वाळत पडलेली असता, आमच्या भाच्याने तमिळनाडूतून दोन चिरूट आणून दिले. चिरूट हा शब्दच मुळी तिकडचा. तमिळमध्ये 'सुरुट्टु' म्हणजे गुंडाळलेले.

पहिला चिरूट ओटीवर बसून पेटविला. प्रारंभी धूर सौम्य लागला. वाळल्या गवताचा व ओल्या मातीचा मिळून वास यावा तसा. अर्ध्यावर मिरीसारखा तिखटपणा आला आणि शेवटी केवळ कडवटपणा उरला. विडीच्या सवयीने आम्ही धूर छातीत ओढला, तेथेच चुकलो. डोके गरगरले, घाम फुटला, घटकाभर आडवे व्हावे लागले. चिरुटाचा धूर तोंडातच खेळवून सोडावयाचा असतो. तथापि तेवढ्याने तो निरुपद्रवी ठरत नाही. हा धूर क्षारधर्मी असल्याने त्यातील निकोटिन तोंडाच्या अस्तरातूनच रक्तात उतरते, आणि मुखाचा कर्करोग चिरूट ओढणारांसही सोडीत नाही.

दुसरा चिरूट ओढण्याचे धैर्य झाले नाही. तो पाटावर उलगडून पाहिला. आत तुकड्यांचे भरण, त्याभोवती आवळलेले पान व सर्वांवर निवडक पानाचे तुळतुळीत वेष्टन. अशी पाने सावलीत टांगून सुकवितात, मग त्यांच्या थप्प्या रचतात. थप्पीच्या पोटात आपोआप ऊब चढते. ती मोडून, आतली पाने बाहेर व बाहेरची आत, असे पुनःपुन्हा करावे लागते. त्यायोगे उग्रपणा जाऊन रंग व स्वाद येतो. निपाणीकडील विडीच्या तंबाखूची रीत निराळी. ती उन्हात वाळवून चुरतात. तात्पर्य, पानाचे अर्धे मोल काढणीनंतरच्या मेहनतीत आहे.

खळ्यातील सुपारीचीही हीच गोष्ट. सालासकट सुमारे ४० दिवस खडखडीत ऊन मिळाले तर गर पांढरा राहतो. ओल राहिल्यास बुरशी धरते आणि भाव पडतो.

परंतु साम्य येथेच संपत नाही, हे गुहागरच्या बागाईतदारांनी मोकळ्या मनाने ऐकावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, तंबाखू नसलेली सुपारीही कर्करोगकारक ठरविली आहे. तेव्हा तंबाखूवाल्यास नावे ठेवण्याचा आम्हांस अधिकार नाही.

वाडवडिलांनी लाविलेल्या पोफळी तोडा, असे आम्ही म्हणत नाही. त्यांवर अनेकांची चूल पेटते. मात्र सगळा संसार एकाच फळावर टांगू नये. रत्नागिरीजवळील भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्राने नारळाच्या बागेत जायफळ, दालचिनी व मिरी घेण्याची पद्धत दाखवून दिली आहे. पोफळीच्या खोडावरही मिरीचा वेल उत्तम चढतो. आम्ही यंदा दहा वेल लाविले आहेत. तिखटपणाच हवा, तर तो चिरुटापेक्षा तेथून घेतलेला बरा.