दुसरा नंबर पाचवा कसा झाला?

मैत्रिणींनो, आमच्या बचत गटाचा हिशेब मी वर्षभरापासून कॉम्प्युटरवर ठेवते. लेकीने एक्सेल शिकवलं आणि जुनी वही कपाटात गेली. त्या महिन्यात कर्जासाठी बारा अर्ज आले होते, पेटीत पैसे मात्र चौघींपुरतेच. बैठकीत सगळ्यांसमोर क्रम ठरला. आजारपण आधी, मग मुलांची फी, मग बी-बियाणं, घराची डागडुजी शेवटी. मी रकान्यात ‘क्र. 1’, ‘क्र. 2’ असं टाइप केलं, यादी क्रमाने लावायचं बटण दाबलं आणि कागद छापून आणला.

वाटपाच्या दिवशी वरची चार नावं वाचली. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मागून एक मावशी म्हणाल्या, “ताई, मला वाचता येत नाही, पण माझा नंबर दुसरा ठरला होता. नातवाचं ऑपरेशन आहे.”

कागदावर त्या पाचव्या! एकनंतर दहा, अकरा, बारा आणि मग दोन. म्हणजे घराच्या पत्र्यांना पैसे आणि ऑपरेशनला नाहीत. माझे हातपायच गळाले. पैसे अजून पेटीत होते म्हणून निभावलं.

घरी लेकीने उलगडा केला. आकड्याआधी मी ‘क्र.’ लिहिलं, त्यामुळे कॉम्प्युटरने ती संख्या धरलीच नाही, शब्द धरला. मग शब्दकोशासारखं एकेक अक्षर बघत गेला. दहामधला 1 हा 2 च्या आधी, म्हणून दहा वर! रकान्यात नुसता आकडा हवा. ओळखायची खूण सोपी आहे. आपण मुद्दाम हलवलं नसेल तर संख्या चौकटीत उजवीकडे बसते, शब्द डावीकडे.

आता मी क्रमांक 10, 20, 30 असे देते. मध्येच कुणाचं तातडीचं निघालं तर 15 देऊन बसवता येतं, बाकीचे आकडे बदलावे लागत नाहीत.

पण खरी टोचणी वेगळीच. दोघींचा क्रमांक सारखा असला तर एक्सेल त्यांना आधीच्या क्रमानेच ठेवतं. आणि आधी कोण? नावं टाइप करताना मी सुरुवात केली होती माझ्या आळीपासून! बरोबरी झाली की माझ्या शेजारणी वर. कुणी बोललं नाही, आणि माझ्या तर ध्यानातही आलं नव्हतं. आता क्रमांकानंतर अर्जाची तारीख बघायची, अशी दुसरी पातळी लावून ठेवली आहे.

आणि हो, पेटी उघडण्याआधी अख्खी यादी मोठ्याने वाचायची, असं मावशींनी बजावलंय.