सातपुड्यातील ‘वानरमानव’ : गैरसमज आणि वस्तुस्थिती

गर्द जंगलात शिकाऱ्यासमोर अंगभर केस असलेला, माणसासारखा दोन पायांवर उभा राहिलेला प्राणी अवचित आला आणि क्षणार्धात झाडीत नाहीसा झाला, अशा कथा हिमालयातील यतीपासून अमेरिकेतील बिगफूटपर्यंत सर्वत्र सांगितल्या जातात. नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांच्या डोंगराळ भागाविषयी असे काही ऐकू आले, तर त्याची छाननी प्रथम तेथील प्राणिजीवनाच्या आधारे व्हायला हवी.

दुर्गम सातपुड्यात एखादा अज्ञात कपी दडून राहिला असेल, हा समज टिकणारा नाही. कपी म्हणजे गोरिला, चिंपांझी, गिबन यांसारखे शेपूट नसलेले नरवानर. त्यांपैकी केवळ गिबन भारतात आढळतो आणि तोही ईशान्येकडील जंगलांत. सातपुड्यातील वानर आणि माकड या दोघांनाही शेपूट असते. शिवाय मोठा कपी पिढ्यानपिढ्या टिकून राहण्यासाठी प्रजनन करणारा पुरेसा समूह आणि बारमाही अन्न लागते, तर येथील पानझडी जंगल उन्हाळ्यात उघडे पडते. १९८२ मध्ये अरुण सोनकिया यांना मध्य प्रदेशातील हथनोरा येथे नर्मदाकाठी सापडलेली जीवाश्म कवटीही कपीची नसून प्राचीन मानवकुळातील आहे.

मग शिकाऱ्याला दिसते ते काय? सातपुड्यापुरते सर्वांत सबळ उत्तर अस्वल हेच आहे. काळे, लांब, विस्कटलेले केस, छातीवरचा पांढुरका पट्टा आणि वास घेण्यासाठी मागच्या पायांवर उभे राहण्याची सवय, एवढ्या गोष्टी संधिप्रकाशात एकत्र दिसल्या की मानवाकृतीचा भास होण्यास वेळ लागत नाही. त्यातच मादी पिलांना पाठीवर घेऊन चालत असेल, तर आकृती आणखीच अनोळखी वाटते. अस्वल तळपाय पूर्ण टेकवून चालत असल्यामुळे त्याच्या मागच्या पायाचा पाच बोटांचा ठसा माणसाच्या पावलासारखा भासतो, मात्र बोटे जवळजवळ एका रेषेत असतात आणि पुढे नखांच्या खुणा असू शकतात. त्याची नजर आणि श्रवणशक्ती फारशी तीक्ष्ण नसते; वारुळातील वाळवी शोषून घेताना किंवा मोहफुले खाताना ते इतके गढून जाते की माणूस अगदी जवळ येईपर्यंत त्याला चाहूल लागत नाही आणि मग ते घाबरून उभे राहते किंवा थेट हल्ला करते. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुले वेचायला जाणाऱ्यांना हा धोका शिकाऱ्यापेक्षा अधिक असतो.

जाणत्या शिकाऱ्याची नजर चुकणार नाही, हाही युक्तिवाद अपुरा आहे. जॉर्ज शॉ या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने १७९१ मध्ये याच अस्वलाचे शास्त्रीय वर्णन करताना त्याला दक्षिण अमेरिकेतील स्लॉथ या संथ, वृक्षवासी प्राण्याच्या गटात टाकले होते. २०१७ मध्ये यतीचे म्हणून जपलेल्या हाडे, केस, कातडी इत्यादी ९ नमुन्यांची डीएनए तपासणी, म्हणजे पेशींतील आनुवंशिक द्रव्याची पारख, प्रसिद्ध झाली. त्यांतील ८ नमुने अस्वलांचे आणि १ कुत्र्याचा निघाला.

अश्वत्थाम्यावरील श्रद्धेला या वर्णनांशी जोडणे तर सर्वस्वी गैर आहे. दिवाळीच्या दिवसांत याच श्रद्धेपोटी हजारो आदिवासी भाविक सातपुड्यातील १,३२५ मीटर उंचीचे अस्तंभा शिखर चढतात. वाट चुकलेल्याला अश्वत्थामा भेटतो, जखमेसाठी तेल मागतो, असे सांगितले जाते. पण तो महाभारतातील शापित योद्धा आहे, केसाळ पशू नव्हे, आणि त्या श्रद्धेला प्राणिशास्त्राचा पुरावा लागत नाही.

अस्वलाची अचूक ओळख व्यवहारातही महत्त्वाची आहे. अक्कलकुव्याला लागून असलेल्या गुजरातमधील शूलपाणेश्वर अभयारण्याची सुरुवात १९८२ मध्ये डुमखल येथे अस्वलांच्या रक्षणासाठीच झाली होती. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार अस्वलाची शिकार हा गुन्हा आहे, तर त्याच्या हल्ल्यात जखमी किंवा मृत झालेल्यांसाठी महाराष्ट्रात शासकीय अर्थसाहाय्याची तरतूद आहे. त्यासाठी वनखात्याच्या पंचनाम्यात प्राण्याची नोंद अस्वल अशीच व्हावी लागते.