सर्वांनी मिळून राखलेले पान

ग्रामपंचायतीच्या कार्यालयाबाहेरचा सूचनांचा फळा तुम्ही पाहिला असेल. त्यावर एक जण खडूने लिहितो आणि बाकीचे वाचतात. जुनी सूचना पुसल्याशिवाय नवी लिहिता येत नाही आणि एकदा पुसलेले पुन्हा वाचता येत नाही. सुरुवातीची बरीचशी संकेतस्थळेही अशीच होती. ज्याला संगणकाची सांकेतिक भाषा येई, तोच पान तयार करी. एखादी तारीख दुरुस्त करायची असली तरी त्याच्याकडेच जावे लागे. तो परगावी गेला की पान तसेच पडून राही.

ही अडचण दूर करण्यासाठी जी व्यवस्था निघाली तिला ‘आशय व्यवस्थापन प्रणाली’ म्हणतात. नाव जड आहे, पण कल्पना सोपी आहे. आशय म्हणजे पानावरचा मजकूर, चित्रे, आकडे. तुमची गुणपत्रिका आठवा. शाळेचे नाव आणि रकाने आधीच छापलेले असतात. शिक्षक त्यात फक्त गुण भरतात. प्रणालीतही पानाचा साचा तयार असतो. आपण लिहिलेला मजकूर वेगळा साठवला जातो. वाचकाने पान उघडले की प्रणाली तो मजकूर साच्यात बसवून पडद्यावर दाखवते. म्हणून लिहिणाऱ्याला सांकेतिक भाषा यावी लागत नाही. आपली भाषा आली की काम भागते.

१९९५ साली अमेरिकेतील वॉर्ड कनिंगहॅम यांनी याच्याही पुढचे पाऊल टाकले. पान वाचणाऱ्या कोणालाही ते तेथल्या तेथे बदलता यावे, अशी सोय त्यांनी केली. तिला त्यांनी ‘विकी’ हे नाव दिले. हवाई बेटांच्या भाषेत विकी म्हणजे जलद. होनोलुलूच्या विमानतळावर प्रवाशांची ने-आण करणाऱ्या बसला ‘विकी विकी’ म्हणत, त्यावरून हे नाव त्यांना सुचले. पुढे २००१ मध्ये याच पद्धतीवर ‘विकिपीडिया’ हा मुक्त ज्ञानकोश सुरू झाला. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, म्हणजे महाराष्ट्र दिनी सुरू झाला आणि उर्दू विकिपीडिया जानेवारी २००४ मध्ये. दोन्ही ज्ञानकोश ‘मीडियाविकी’ या एकाच प्रणालीवर चालतात. मराठी डावीकडून उजवीकडे लिहितात, उर्दू उजवीकडून डावीकडे. साचा मजकुरापासून वेगळा असल्यामुळे उर्दूसाठी तो आरशातल्यासारखा उलटा फिरवता येतो. डावीकडची यादी उजवीकडे जाते.

आता आपल्या जिल्ह्याचेच उदाहरण घेऊ. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे लातूर आणि उस्मानाबाद या जिल्ह्यांत मोठा भूकंप झाला. किल्लारी हे गाव लातूर जिल्ह्यातले, तर सास्तूर आपल्या जिल्ह्यातले. समजा, कोणी या विषयाच्या पानावर १९९३ ऐवजी १९९२ लिहिले. कोणी पानच कोरे केले तर ते लगेच नजरेस येते. पण एक आकडा चुकला तर तो कोणाला दिसणार? बहुतेक वाचक तो खरा धरून पुढे जातील, आपल्या वहीत उतरवून घेतील. ज्यांच्या घरावर त्या पहाटे छत कोसळले, त्यांच्याच घरातील मुलगा किंवा मुलगी थांबून म्हणेल, “हे चूक आहे.”

चूक दिसली की ‘संपादन’ या शब्दावर टिचकी मारायची, आकडा बदलायचा, बदलाचे कारण एका ओळीत लिहायचे आणि पान जतन करायचे. एवढ्याने जुना मजकूर नाहीसा होत नाही. ‘इतिहास’ या भागात पानाची प्रत्येक आवृत्ती क्रमाने ठेवलेली असते. कोणी, कोणत्या दिवशी, किती वाजता काय बदलले ते तेथे दिसते. कोणत्याही दोन आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवून त्यांतला फरकही पाहता येतो. कोणी पूर्ण पान बिघडवले तरी मागची आवृत्ती परत आणायला मिनिटभरही लागत नाही. फळ्याला जे जमत नव्हते ते हेच. (खाते उघडताना खरे नाव देण्याची सक्ती नसते. आपला पत्ता, दूरध्वनी क्रमांक वा शाळेचे नाव तुम्ही तेथे लिहू नये, हे मी मुद्दाम सांगतो.)

मतभेद झाला तर? प्रत्येक पानाला एक ‘चर्चा’ पान जोडलेले असते. तेथे आपले म्हणणे मांडावे आणि पुरावा द्यावा. फारच ओढाताण झाली तर प्रचालक ते पान काही काळ कुलूपबंद करतात. प्रचालक म्हणजे लिहिणाऱ्यांनीच निवडलेले, विनावेतन काम करणारे लोक.

नावाचा प्रश्नही असाच येतो. हैदराबादचे शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांच्यावरून पडलेले उस्मानाबाद हे नाव २०२३ साली शासनाने बदलून धाराशिव केले. अशा वेळी जुने पान फाडून नवे लिहावे लागत नाही. पानाचे ‘स्थानांतरण’ करतात, म्हणजे तेच पान त्याच्या इतिहासासह नव्या नावाखाली नेतात. जुन्या नावाच्या जागी एक पाटी राहते. कोणी जुने नाव लिहून शोधले तर ती पाटी त्याला योग्य पानावर पोचवते. आजोबांनी एक नाव लिहिले आणि नातवाने दुसरे, तरी दोघे एकाच पानावर येतात.

एक अडचण मात्र प्रणालीने सुटत नाही. विकिपीडियावरील प्रत्येक विधानाला छापील किंवा प्रसिद्ध झालेला आधार लागतो. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १६,५७,५७६ होती, हे लिहिता येते. कारण जनगणनेचा अहवाल आहे. पण सास्तूरच्या एखाद्या आजीला त्या पहाटेचे जे आठवते, ते कितीही खरे असले तरी कोठे छापून आल्याशिवाय तेथे घेता येत नाही. नियम योग्य आहे, तरी मला तो नेहमी थोडा खटकतो. आपल्या लहान गावांविषयी छापलेलेच मुळात कमी. म्हणून अनेक गावांची पाने दोन-तीन ओळींवर थांबलेली आहेत.

छायाचित्राचे तसे नाही. आपण स्वतः काढलेले नळदुर्गच्या किल्ल्याचे किंवा गावातल्या जुन्या बारवेचे छायाचित्र ‘विकिमीडिया कॉमन्स’ या चित्रसाठ्यात देता येते. ते इतरांना मोफत वापरता येईल, एवढी परवानगी मात्र द्यावी लागते. मग तेच चित्र मराठी पानावरही लागते आणि उर्दू पानावरही.