शाळेचे मोजमाप आणि मुलांचे दारिद्र्य

दोन प्राथमिक शाळांचे निकाल शेजारी शेजारी मांडले की, जिचे आकडे मोठे ती शाळा चांगली, असा निवाडा सहज दिला जातो. परंतु मूल शाळेत येते ते कोरी पाटी घेऊन येत नाही. घरातील पुस्तके, पोटभर अन्न आणि स्थिर निवारा यांचा किंवा त्यांच्या अभावाचा ठसा त्या पाटीवर आधीच उमटलेला असतो.

अमेरिकेत या प्रश्नाचा विचार दीर्घकाळ होत आला आहे. समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांच्या नेतृत्वाखाली झालेली सुमारे ४,००० शाळांची पाहणी १९६६ साली प्रसिद्ध झाली. मुलांच्या गुणांतील तफावतीचा संबंध शाळेच्या इमारती व साधनसामग्री यांपेक्षा घरच्या परिस्थितीशी अधिक निकटचा आहे, असे तीत दिसून आले.

मग दारिद्र्य मोजावे कशाने? १९४६ च्या कायद्यावर उभ्या असलेल्या शालेय भोजन योजनेत विनामूल्य वा सवलतीच्या दराने जेवणाऱ्या मुलांचे प्रमाण, हेच तेथे माप म्हणून रूढ झाले. पुढे २०१० च्या कायद्याने गरीब वस्त्यांतील शाळांना सरसकट सर्व मुलांना विनामूल्य जेवण देण्याची मुभा मिळाली. मुलांची पोटे भरली. माप मात्र बिघडले.

याहून महत्त्वाचा भेद पातळी आणि प्रगती यांचा आहे. एका परीक्षेतील गुणांवरून मूल कोठे उभे आहे ते कळते. ते किती वाट चालून आले, हे कळत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे शॉन रिअर्डन यांनी शिकागोच्या सरकारी शाळांचे २००९ ते २०१४ या काळातील निकाल तपासले. तिसरीत राष्ट्रीय सरासरीच्या मागे असलेल्या तेथील मुलांनी आठवीपर्यंतच्या पाच वर्षांत सुमारे सहा वर्षांची प्रगती केली होती. नुसती गुणानुक्रमाची यादी पाहणाऱ्यास तेथील शिक्षकांचे कष्ट दिसलेच नसते.

यात एक धोकाही आहे. दारिद्र्याची सबब पुढे करून गरिबाच्या मुलाकडून थोडक्याचीच अपेक्षा धरली जाण्याचा संभव असतो. गरीब विद्यार्थ्यांचे निकाल वेगळे जाहीर करण्याचे बंधन २००२ च्या अमेरिकन कायद्याने घातले, ते याचसाठी. एकंदर सरासरीच्या आड त्यांचे मागे पडणे झाकले जाऊ नये, हा त्यामागील हेतू होता.

सारांश, शाळेचे मूल्यमापन करताना मुलांच्या पाठीवरील ओझे हिशेबात धरावे. त्यांनी गाठावयाचा पल्ला मात्र त्या ओझ्यापायी आखूड करू नये.